शाखेतला रक्तदाब

दुपारी साडेतीनच्या सुमारास लक्ष्मीपुरी, शाहूपुरी किंवा राजारामपुरीतल्या कुठल्याही बँकेच्या शाखेत जाऊन उभे राहा. पासबुक छापण्याचे यंत्र बंद असते. 'उसाचे बिल जमा झाले का बघा' म्हणत एक आजोबा काउंटरवर वाकलेले असतात. केवायसीसाठी आलेल्या बाईंना तिसऱ्यांदा झेरॉक्स काढायला पाठवलेले असते. रोखपालासमोर रांग असते आणि शेजारची खुर्ची रिकामी असते, कारण त्या जागेवरच्या माणसाची बदली झाली आणि बदलीवर येणारा अजून आलेला नाही. आत काचेच्या केबिनमध्ये शाखाधिकारी मात्र रांगेकडे पाहत नाहीत. त्यांच्या समोर मोबाईल उभा केलेला असतो आणि क्षेत्रीय कार्यालयाची 'व्हीसी' चालू असते. आज किती खाती उघडली, विमा किती गेला, थकबाकी किती वसूल झाली, उद्या किती देणार? रांगेतला माणूस चिडतो, 'साहेब फोनवरच असतात' म्हणतो. तो म्हणतो ते खरेच असते. पण त्या केबिनमध्ये नेमके काय चालले आहे, हा आता आरोग्याचाही विषय झाला आहे.

जुलै २०२५ मध्ये बारामतीत एका सरकारी बँकेच्या मुख्य व्यवस्थापकाने शाखेतच आयुष्य संपवले. काही दिवस आधी त्यांनी नोकरी सोडण्याचा अर्ज दिला होता आणि ते नोटीस काळ पूर्ण करत होते. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत कामाच्या ताणाचा उल्लेख होता. कोणत्याही आत्महत्येला एकच कारण नसते. मानसोपचारतज्ज्ञ हे कळवळून सांगत असतात आणि ते लक्षात ठेवायला हवे. तरीही त्या बातमीने राज्यातल्या बँक कर्मचाऱ्यांमध्ये जी अस्वस्थता पसरली, ती एका माणसापुरती नव्हती. बहुतेकांनी ती बातमी वाचताना स्वतःच्या केबिनकडे पाहिले असणार.

बँक कर्मचाऱ्यांचा विषय निघाला की चर्चा पाच दिवसांच्या आठवड्यावर येऊन थांबते. मार्च २०२४ मध्ये बँका आणि कर्मचारी संघटनांत झालेल्या वेतन करारात १७ टक्के वाढ मिळाली. रोजचे काम ४० मिनिटांनी वाढवून सगळे शनिवार मोकळे करण्यावरही सहमती झाली, पण त्याला सरकारची मंजुरी हवी होती आणि ती मिळण्यात अडथळे येत राहिले. मार्च २०२५ मध्ये नऊ संघटनांच्या संयुक्त मंचाने दोन दिवसांचा संप पुकारला आणि केंद्रीय कामगार आयुक्तांकडच्या बोलण्यांनंतर तो पुढे ढकलला. त्या संपाच्या मागण्यांत पाच दिवसांच्या आठवड्याबरोबर आणखी दोन गोष्टी होत्या, त्यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. एक, पुरेशी भरती. दुसरी, कामगिरी मोजण्याच्या आणि त्यावर पैसे ठरवण्याच्या नव्या पद्धतीला विरोध. वैद्यकीय संशोधन पाहिले तर शनिवारच्या सुट्टीपेक्षा या दोन मागण्या हृदयाच्या जास्त जवळच्या आहेत.

तासांचे महत्त्व नाही असे नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये एकत्र मांडलेल्या विश्लेषणानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. शाखेतले शटर संध्याकाळी खाली ओढले तरी आत दिवे चालू असतात, हे ज्यांच्या घरात बँकेतला माणूस आहे त्यांना सांगायला नको. पण तासांइतकेच किंवा काकणभर जास्त महत्त्व आणखी एका गोष्टीला आहे. आपल्या कामावर आपला ताबा किती?

१९७९ मध्ये रॉबर्ट कारासेक या संशोधकाने अमेरिका आणि स्वीडनमधल्या कामगारांची माहिती तपासून एक साधी मांडणी केली. नुसते काम जास्त असणे फारसे घातक नसते. काम जास्त आणि ते कसे, कधी, कोणत्या क्रमाने करायचे हे ठरवण्याची मुभा कमी, ही जोडी घातक असते. भरपूर काम असलेला पण स्वतः निर्णय घेणारा माणूस थकतो, झोपतो आणि दुसऱ्या दिवशी ताजा होतो. हातात काहीच नसताना सगळ्याचे उत्तर द्यावे लागणारा माणूस थकतो, पण त्याला झोप लागत नाही.

ही मांडणी नुसती तर्काची राहिली नाही. लंडनमधल्या सरकारी नोकरांवर 'व्हाइटहॉल' नावाने ओळखले जाणारे दोन मोठे अभ्यास झाले. पहिला १९६७ मध्ये सुरू झाला. तोपर्यंत समज असा की हृदयविकार हा बड्या साहेबांचा आजार, कारण जबाबदारी त्यांच्या डोक्यावर. निष्कर्ष उलटा आला. अगदी खालच्या श्रेणीतल्या, म्हणजे शिपाई-चपराशी वर्गातल्या पुरुषांत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होते. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केला तरी फरक पूर्ण पुसला जाईना. १९८५ पासून १०,३०८ कर्मचाऱ्यांवर दुसरा अभ्यास सुरू झाला, यात स्त्रियाही होत्या. त्यातून या फरकाचा एक मोठा धागा हाती लागला, तो कामावरच्या ताब्याचा. तोही पांढरपेशा टेबलखुर्चीच्या नोकरीतला, त्यामुळे आपल्या बँकांना तो खाणकामगारांच्या अभ्यासापेक्षा जवळचा.

आता हा चष्मा घालून शाखेकडे पाहा. पूर्वीचा शाखाधिकारी गावातली पत ओळखायचा. कोणाला कर्ज द्यावे, कोणाला थांबवावे, कोणाचा हप्ता पावसामुळे चुकला आणि कोणाचा नियतीमुळे, हे त्याच्या अंदाजावर असायचे. त्यात गैरप्रकारही झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आता अनेक बँकांत किरकोळ कर्जाची मंजुरी केंद्रीय कक्षात गेली, व्याजदर संगणक ठरवतो, माणसे किती द्यायची हे मुख्यालय ठरवते. शाखेकडे उरले ते टार्गेट आणि गिऱ्हाइकाचा राग. जबाबदारी तीच, अधिकार गेले. कारासेक यांच्या तक्त्यात हा अगदी कोपऱ्यातला, सर्वांत वाईट चौकोन.

कोल्हापूर जिल्ह्याने या चौकोनाचा एक धडा नोटाबंदीत पाहिला. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारायला मनाई केली. आपल्याकडे शेतकऱ्याचे पीककर्ज, विकास सेवा संस्था आणि उसाचे बिल या सगळ्याचा रस्ता जिल्हा बँकेतूनच जातो. निर्णय झाला दिल्ली-मुंबईत. तो कशासाठी झाला याची चर्चा झाली ती दूरचित्रवाणीवर. आणि 'माझेच पैसे मला का घेऊन जायला लावता' हा प्रश्न आला तो गावातल्या शाखेच्या खिडकीवर, ज्याला गावातले सगळे नावाने ओळखतात त्या कारकुनासमोर. त्याच्याकडे उत्तर नव्हते आणि उत्तर शोधण्याचा अधिकारही नव्हता. आधीच्या चार दिवसांत घेतलेल्या नोटांचे काय, हा प्रश्न सुटायला जून २०१७ उजाडला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते पडू लागले, तेव्हा आधार जोडणीसाठी राज्यभर शाखांबाहेर उन्हापावसात रांगा लागल्या. त्या वर्षी कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांबद्दल राज्यातल्या बँक संघटनांना संपाचा इशारा द्यावा लागला. योजना चांगली की वाईट, हा इथला मुद्दा नाही. मुद्दा एवढाच की काम एका दिवसात कितीतरी पट झाले आणि काउंटरवरची माणसे तेवढीच राहिली.

शरीरात यावेळी काय होते? धोका दिसला की मेंदू अधिवृक्क ग्रंथींना इशारा देतो, ॲड्रेनॅलिन आणि पाठोपाठ कॉर्टिसॉल रक्तात उतरते, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तात साखर सोडली जाते. कुस्तीच्या आखाड्यात हे उपयोगाचे आहे. पाच मिनिटांत निकाल लागतो आणि शरीर शांत होते. टार्गेटची कुस्ती मात्र निकाली होत नाही. ३१ मार्चला संपते आणि १ एप्रिलला पुन्हा शून्यापासून सुरू होते. रात्री साडेदहाला व्हॉट्सॲप ग्रुपवर 'उद्याचे कमिटमेंट द्या' असा निरोप आला की शरीर पुन्हा आखाड्यात. झोप तुटते, पोटाचा घेर वाढतो, साखर आणि रक्तदाब हळूहळू वर सरकतात. भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आणि ११.४ टक्के लोकांना मधुमेह असल्याचे आढळले. अशा जमिनीवर ताणाचे बी पडते आहे.

'थोडा ताण असल्याशिवाय माणूस काम करत नाही' हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षणात ऐकू येते, आणि सोबत उलट्या यू आकाराचा आलेख दाखवला जातो. तो आलेख ज्या संशोधनाच्या नावाने ओळखला जातो ते १९०८ सालचे आहे, आणि ते उंदरांवर केलेले होते, हे सहसा सांगितले जात नाही.

आता नेतृत्वाकडे येऊ. स्टॉकहोम परिसरातल्या ३,१२२ नोकरदार पुरुषांना संशोधकांनी त्यांच्या वरिष्ठांबद्दल प्रश्न विचारले. साहेब उद्दिष्ट स्पष्ट सांगतात का, हवी ती माहिती देतात का, काम नीट झाले तर तसे म्हणतात का, पुरेसे अधिकार देतात का? मग जवळपास दहा वर्षे या माणसांच्या तब्येतीवर लक्ष ठेवले. ज्यांनी साहेबांना चांगले गुण दिले होते त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण कमी निघाले, आणि त्या साहेबाच्या हाताखाली जितकी वर्षे जास्त, तितका हा संबंध घट्ट. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झाले. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, म्हणजे साहेबच कारण असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण त्या प्रश्नावलीत काय नव्हते ते बघण्यासारखे आहे. साहेब विनोदी आहेत का, वाढदिवसाला केक आणतात का, असले काही नव्हते. प्रश्न बहुतेक कामाचेच होते.

आपल्याकडे मात्र कडक साहेब म्हणजे चांगला साहेब हा समज पक्का आहे. २०२३ मध्ये एका मोठ्या खासगी बँकेच्या कोलकात्यातल्या अधिकाऱ्याची व्हीसी सार्वजनिक झाली. ठरलेली खाती आणि विमा विकला नाही म्हणून हाताखालच्यांना तो ज्या भाषेत झोडपत होता, ती ऐकून लोक हादरले. बँकेने त्याला निलंबित केले. बँकेत काम करणारे मात्र फारसे हादरले नाहीत, कारण त्यांना ती भाषा ओळखीची होती. आणि तो अधिकारीही वरून आलेला आकडाच खाली ढकलत होता. अशा साखळीत शेवटच्या कडीला निलंबित करणे सोपे जाते.

या ओरडण्याने कामगिरी तरी सुधारते का? यावर अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचे उदाहरण आता जगभर शिकवले जाते. प्रत्येक ग्राहकाला बँकेची आठ उत्पादने विकायची, असा तिथला नारा होता. आकडे वर्षानुवर्षे उत्तम येत होते. २०१६ मध्ये कळले की कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली होती. नंतरच्या तपासात अशा संशयित खात्यांची संख्या ३५ लाखांपर्यंत गेली. सुमारे ५,३०० जणांना कामावरून काढले गेले आणि सुरुवातीचा दंडच साडेअठरा कोटी डॉलरचा झाला. त्या शाखांमधले सगळेच लबाड होते असे मानणे कठीण आहे. बहुतेकांना महिनाअखेर पगार हवा होता.

आपल्या गल्लीतला याचा अवतार म्हणजे कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा. मुदत ठेव मोडायला गेलेल्या आजींना 'ही ठेवीसारखीच योजना आहे' म्हणून पॉलिसी दिली जाते, हे वाचकांपैकी अनेकांच्या घरात घडले असेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीच बँकांना बजावले की विमा चुकीच्या पद्धतीने विकल्याने लोकांचे कर्ज अप्रत्यक्षपणे महाग होते, बँकांनी मूळ कामाकडे लक्ष द्यावे. हे बोलणे योग्यच होते. पण ज्या साखळीतून हे टार्गेट उतरते तिच्या वरच्या टोकाला सरकारी बँकांचा मालक सरकारच आहे, हेही तितकेच खरे.

दुसरा तोटा दिसत नाही, म्हणून जास्त धोक्याचा. एमी एडमंडसन या संशोधिकेने नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत औषधांच्या चुका कमी असतील असे तिला वाटले होते. निघाल्या जास्त. नीट पाहिल्यावर कळले की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जात होत्या. ज्या विभागात प्रमुखाचा धाक होता तिथे त्या दडपल्या जात होत्या. बँकेत चूक दडपणे म्हणजे काय, हे कॅश कमी आली की स्वतःच्या खिशातून भरून गप्प बसणाऱ्या रोखपालाला विचारा. आज पाचशेची चूक दडते. उद्या सहकाऱ्याचा पासवर्ड वापरून केलेली नोंद दडते. परवा कोणीतरी बनावट तारण ठेवते आणि ज्याला शंका आली होती तो बोलत नाही. ठेवीदाराच्या दृष्टीने भीतीखाली चालणारी शाखा ही असुरक्षित शाखा असते.

कर्मचारी मग पायांनी मतदान करतात. रिझर्व्ह बँकेने २०२३-२४ च्या अहवालात नोंदवले की काही खासगी आणि लघुवित्त बँकांत नोकरी सोडण्याचे सरासरी प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास आहे. दरवर्षी चारांतला एक जण जातो. सरकारी बँकेतला सहसा जात नाही, कारण स्पर्धा परीक्षा देऊन मिळवलेली नोकरी, घराचे कर्ज, गावातली प्रतिष्ठा. तो देहाने राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची जी तीन लक्षणे मांडली, त्यातले दुसरे हेच आहे. पहिले शक्ती संपणे, दुसरे कामापासून मन तुटणे आणि त्याबद्दल कडवटपणा येणे, तिसरे हातून काम नीट न होणे. 'जेवणानंतर या' म्हणणाऱ्या कारकुनावर आपण विनोद करतो. त्यातला एखादा खरोखर आळशी असतो, पण सगळेच नसतात.

या सगळ्यात एक माणूस कोणत्याही आकडेवारीत धड बसत नाही, तो म्हणजे पिग्मीवाला. महाद्वार रोड, गंगावेश, इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीची चांदीची दुकाने, सगळीकडे रोज संध्याकाळी फिरणारा. सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या ठेवी त्याच्या पायांवर उभ्या आहेत. त्याला त्याचा रस्ता, वेळ, माणसे स्वतः ठरवता येतात, त्या अर्थाने ताबा शाखाधिकाऱ्यापेक्षा जास्त. पण उत्पन्न कमिशनचे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ठेव गोळा करणाऱ्यांना कामगार मानले, तरी पगारी रजा आणि आजारपणाची सोय त्याच्यापर्यंत क्वचितच पोचते. आणि संस्था अडचणीत आली की लोक आधी त्याच्या घरी जातात. योहान्स सीग्रिस्ट या संशोधकाने १९९६ मध्ये मांडले की दिलेले कष्ट आणि मिळालेला मोबदला यांचा तोल बिघडला की हृदयाला धोका वाढतो, आणि मोबदल्यात त्याने पैशाबरोबर मान आणि शाश्वतीही धरली होती. पिग्मीवाल्याच्या बाबतीत तिन्ही पारडी हलकी.

उपाय म्हणून बँका सध्या काय करतात? योगदिनाला चटया अंथरतात, तणावमुक्तीचे व्याख्यान ठेवतात, समुपदेशनाचे ॲप देतात. त्यात वाईट काही नाही. पण २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. असे वैयक्तिक कार्यक्रम घेणारे आणि न घेणारे यांच्या मानसिक स्वास्थ्यात त्यांना जवळजवळ फरक आढळला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच आधी कामाची रचना बदलण्याचा आणि व्यवस्थापकांना प्रशिक्षण देण्याचा सल्ला आहे. जपानने तर २०२० पासून वरिष्ठांकडून होणाऱ्या छळाला आळा घालणे मोठ्या कंपन्यांना कायद्याने बंधनकारक केले. आपल्याकडे लैंगिक छळाविरुद्ध कायदा आहे, पण बाकीच्या छळासाठी असा स्वतंत्र कायदा नाही.

बँकांना पैसे न लागता करता येण्यासारख्या गोष्टीही आहेत. रात्री आठनंतर ग्रुपवर निरोप नको. व्हीसी ग्राहकांच्या वेळेत नको. टार्गेट ठरवताना त्या शाखेत माणसे किती आणि परिसर कसला, हे धरायचे. गूळ बाजाराशेजारची शाखा आणि राधानगरीच्या डोंगरातली शाखा यांना एकाच पट्टीने मोजायचे नाही. कामगिरी मोजायचीच आहे, तर शाखाधिकाऱ्याच्या गुणांत त्याच्या हाताखालच्यांच्या रजा, बदलीचे अर्ज आणि तक्रारी हेही धरायचे. एक नियम तर आधीपासूनच आहे. संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, सलग किमान दहा कामकाजाचे दिवस, आगाऊ न सांगता सक्तीच्या रजेवर पाठवावे, असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे. या काळात त्याने प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन काम करायचे नाही. हेतू आरोग्याचा नाही, घोटाळे उघडे पडावेत हा आहे. तरी ती रजा खरोखर दिली तर दोन्ही कामे होतील.

बँकेत काम करणाऱ्या वाचकांसाठी एक वैद्यकीय सूचना. तुम्ही रक्तदाब तपासायला बहुधा रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी जाता, आणि तो नॉर्मल येतो. दवाखान्यात नॉर्मल आणि कामावर मात्र वाढलेला, असा छुपा रक्तदाब वैद्यकशास्त्राला चांगला माहीत आहे. ताणाच्या नोकऱ्यांत कामावरचा रक्तदाब जास्त असतो, हे न्यूयॉर्कमधल्या कर्मचाऱ्यांवरच्या अभ्यासांत १९९० पासून दिसले आहे. त्यामुळे दंडाला बांधायचे डिजिटल यंत्र शाखेत एक ठेवा. कामाच्या दिवशी, दुपारी चारच्या आसपास, पाच मिनिटे शांत बसून मोजा, आठवडाभर आकडे लिहून ठेवा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. घरच्यांनी झोपेकडे लक्ष द्यावे. पहाटे तीनला जाग येणे, रविवारी संध्याकाळपासून जीव घाबरणे, आवडीच्या गोष्टींतून मन उडणे हे दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जगणे नकोसे वाटत असेल तर वाट पाहू नये. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही बोलते.